पाच लिटर हवा : प्रस्तावना

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरी आणले. घर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या आवारात. तिथून समुद्र लांब. सुरुवातीला त्या दिवसाआड समुद्राचं ताजं पाणी मागवत. पुढे तो खर्च आणि खटाटोप झेपेना, तेव्हा त्यांनी जुनंच पाणी परत वापरायचं ठरवलं. मात्र वापरण्याआधी ते उघड्या खिडकीशी या भांड्यातून त्या भांड्यात, त्यातून परत यात, असं अर्धा-पाऊण तास ओतलं जाई. ओतण्याचं काम घरातल्या एका लहान मोलकरणीकडे असे. बाईंनी आपल्या हकिकतीत तिचा उल्लेख कौतुकानं केला आहे, नाव मात्र दिलेलं नाही. प्रवाळ जगले, त्यांना पिल्लं झाली, आणि १८५९ साली त्यावरचा बाईंचा लेख छापून आला.

घरात प्रवाळांची टाकी सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे आज ती मुलगी राबते आहे. तिला कुणी रिटर्न पंप म्हणतं, कुणी वेव्हमेकर, कुणी स्किमर. काम तेच, पाण्याची आणि हवेची गाठ घालून द्यायची. ती थांबली की काय होतं, हे मी एका रात्री पाहिलं. त्या रात्रीतूनच हे पुस्तक निघालं.

पुस्तकाचे विषय दोन : पाण्यातला ऑक्सिजन, आणि पाण्यात रोज घालायचे डोस. दुकानात या दोन्हींच्या वस्तू वेगवेगळ्या फळ्यांवर असतात. एकीकडे पंप, एअरस्टोन, नळ्या. दुसरीकडे कॅल्शियमच्या, सोड्याच्या, मॅग्नेशियमच्या बाटल्या. शिकवणारेही ते वेगवेगळंच शिकवतात. मी मात्र टाकीसमोर घालवलेल्या वर्षांत एकच गोष्ट पक्की शिकलो, की हे खातं एकच आहे. टाकीत दिवसभरात जे जे घालाल, त्याची वसुली पहाटे ऑक्सिजनमधून होते. म्हणून या पुस्तकात डोसांची प्रकरणं मागे आहेत आणि श्वासाची पुढे. कुणाला ‘माझ्या प्रवाळांचा रंग उतरलाय, काय घालू?’ याचं उत्तर पहिल्या पानावर हवं असेल, तर त्यांनी थोडा धीर धरावा.

आधी एक हिशेब मांडतो. तो मला सुरुवातीलाच कुणी मांडून दाखवला असता तर माझ्या हातून काही जीव गेले नसते.

पाण्यात ऑक्सिजन फार कमी मावतो. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम. त्यातच समुद्राएवढं मीठ, म्हणजे हजारात ३५ भाग, घातलं की ६.७ मिलिग्रॅम. हा आकडा मुंबईचा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, हवेचा दाब इथे सहा टक्क्यांच्या आसपास कमी, त्यामुळे माझ्या घरात तेच पाणी ६.३ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन धरत नाही. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलं की ५.८. परदेशी पुस्तकातला आकडा डोळे झाकून घेणाऱ्या पुणेकराचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो, आणि कुठे चुकला हे त्याला कधीच कळत नाही.

माझ्या टाकीत, खालची फिल्टरची टाकी (संप) धरून, २०० लिटर पाणी आहे. ते ऑक्सिजननं काठोकाठ भरलेलं असलं, तरी त्यात एकूण ऑक्सिजन किती? सव्वा ग्रॅम. एवढा ऑक्सिजन पाच लिटर हवेत असतो. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या हवेवर सात मासे, झिंगे, गोगलगाई, प्रवाळांची सगळी वस्ती आणि दगडांच्या छिद्राछिद्रांत बसलेले अब्जावधी जिवाणू, सगळ्यांचा संसार चालतो. एक मोठा माणूस शांत बसून चार मिनिटांत तेवढा ऑक्सिजन संपवतो.

संसार चालतो, कारण डबा सतत भरला जातो. तो भरला जातो पाण्याच्या पृष्ठभागावरून. ऑक्सिजन साचलेल्या पाण्यात हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो; वरचा थर हवेला भिडून कितीही तृप्त झाला तरी ती तृप्ती आपणहून तळापर्यंत पोचत नाही. वरचं पाणी खाली आणि खालचं वर, ही फिरवाफिरव हवीच. एअरस्टोनचे बुडबुडे पाहून आपल्याला वाटतं की ऑक्सिजन त्या बुडबुड्यांतून पाण्यात शिरतो आहे. थोडा शिरतोही, पण बुडबुड्यांचं मोठं काम वेगळं आहे. ते वर चढताना खालचं पाणी सोबत ओढून नेतात आणि पृष्ठभाग मोडतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या टाक्यांत समुद्रातले जिवंत दगड होते आणि सावकाश सुटणारे बुडबुडे, बस्स. तेवढ्यावर त्यांचे प्रवाळ जगत होते. पृष्ठभागावर तेलकट साय धरली, किंवा धूळ नको म्हणून वर काच गच्च बसवली, की मोठ्या पंपाचीही मेहनत वाया जाते. नव्या माणसाच्या घरी गेलो की मी आधी पाण्यावर तिरका प्रकाश टाकून ती साय आहे का पाहतो. माशांकडे नंतर.

दिवसा या सगळ्याची फिकीर फारशी पडत नाही. प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं प्रकाशात ऑक्सिजन तयार करतात, आणि तोही भरपूर. डेन्मार्कचे मायकेल क्यूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसाहून बारीक इलेक्ट्रोड प्रवाळाच्या कातडीपर्यंत नेऊन मोजमाप केलं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. उजेडात कातडीलगत ऑक्सिजन हवेच्या समतोलापेक्षा अडीच पट. दिवा घालवला, आणि काही मिनिटांत तो दोन टक्क्यांच्या खाली. मिनिटांत! आपण रात्री दहाला टाकीचा दिवा बंद करून झोपायला जातो, तेव्हा प्रवाळाच्या अंगात काय घडत असतं ते या आकड्यांत आहे. सकाळी दिवा लागेपर्यंत त्याला जे मिळेल ते शेजारून वाहणाऱ्या पाण्यातूनच. पाणी वाहत नसेल तर शेजारच्या पाण्यातलाही संपतो.

निसर्गात यावर काय तोड आहे, ते तांबड्या समुद्रात एलातच्या किनाऱ्यावर दिसलं. फांद्यांच्या प्रवाळात रात्री निजणारे छोटे डॅम्सेल मासे झोपेतही पंख हलवत राहतात, आणि त्या हालचालीनं फांद्यांच्या आतलं पाणी बदलत राहतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संशोधकांनी त्यांना निद्रेत पोहणारे मासे म्हटलं. समुद्रफुलात राहणारे क्लाउनफिशही असंच करतात. माझ्याकडे जोडी आहे. पहाटे चारला लाल उजेडाची बॅटरी घेऊन मी पुष्कळदा त्यांच्यासमोर बसलो आहे. लाल उजेडानं ते फारसे बिचकत नाहीत. मादी समुद्रफुलाच्या बोटांमध्ये आडवी, डोळे उघडेच, आणि सगळं अंग कुशीवर वळल्यासारखं मधूनच थरथरतं. बोटं हलतात, मिटतात, पुन्हा उघडतात. पाळण्याला दोरीनं झोका द्यावा आणि दोरी हातात तशीच धरून डुलकी लागावी, तसं ते दिसतं. मला टाकीतलं सगळ्यांत आवडतं दृश्य विचाराल तर हेच सांगेन, दुपारच्या झगमगाटातलं एकही नाही.

आता ती रात्र.

नोकरीनिमित्त मी सात वर्षं मस्कतला होतो. कठीण प्रवाळांची टाकी मी तिथे चालवली, डोस द्यायला तिथेच शिकलो. पुण्याला परतल्यावर मऊ प्रवाळांची टाकी लावली. वर्षभरात पाण्यात नायट्रेट चढलं. ते उतरवायचा एक जुना मार्ग म्हणजे पाण्यात थोडा सेंद्रिय कार्बन घालायचा : व्होडका, साखर किंवा साधं पांढरं व्हिनेगर. जिवाणू तो खाऊन वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात, आणि स्किमर त्या जिवाणूंना फेसासकट बाहेर काढतो. मी रोज ५ मिलिलिटर व्हिनेगर देत होतो. उत्तम चाललं होतं. मे महिन्यात लग्नासाठी पाच दिवस गावी गेलो. परत आलो त्या रात्री चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून ३० मिलिलिटर एकदम ओतलं आणि झोपलो.

मध्यरात्रीनंतर वळवाचा पाऊस आला, वारा सुटला, लाइट गेली. घरात इन्व्हर्टर होता. त्यावर पंखे होते, हॉलमधली ट्यूब होती, टीव्हीसुद्धा होता. टाकी नव्हती. पंखा चालू राहिल्यामुळे मला जागच आली नाही.

चारच्या सुमारास आई उठली. ती म्हणाली, ‘अरे, मासे वर का आलेत सगळे?’ पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं झालं होतं. पिवळा टँग कडेला आडवा, कल्ले भराभर उघडमीट करत. गोगलगाई पाण्याच्या रेषेच्या वर काचेला चिकटलेल्या. कधीही दगडाखालून बाहेर न येणारा गोबी पृष्ठभागाला तोंड लावून होता. मी बॅटरीवरचा पंप शोधत होतो, आणि तो कुठल्या खोक्यात आहे ते आठवत नव्हतं. आईनं देवघरातला तांब्या उचलला, टाकीत बुडवला, हातभर वर नेला आणि पाणी धारेनं खाली सोडलं. पुन्हा बुडवला. तिला कुणी ऑक्सिजनचं गणित सांगितलं नव्हतं. लाइट साडेसहाला आली. तोवर आम्ही दोघं आळीपाळीनं ओतत होतो. टँग आणि एक झिंगा गेले, बाकीचे वाचले.

अ‍ॅना थिनबाईंची गोष्ट मी त्यानंतर दोन वर्षांनी वाचली. खिडकीपाशी उभ्या त्या मुलीचे दंड कसे भरून आले असतील, ते मला वाचताक्षणी कळलं.

त्या रात्रीचं गणित असं. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड साधारण पाच टक्के. ३० मिलिलिटरमध्ये दीड ग्रॅम. ते जिवाणूंनी पुरतं जाळलं तर त्यासाठी १.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. काही भाग त्यांच्या अंगी लागतो, म्हणून प्रत्यक्षात कमी; आणि ते सगळं एका रात्रीत होत नाही. पण टाकीत होता किती? सव्वा ग्रॅम. वर पंप बंद, दिवा बंद, पाणी २९ अंश. मी झोपण्याआधी टाकीच्या नावावर तिच्या सगळ्या शिलकीहून मोठं कर्ज काढलं होतं. व्होडकाचं गणित याहून कडक आहे : तिच्या एका मिलिलिटरला साधारण ०.६६ ग्रॅम. व्हिनेगरच्या बाराएक पट. बाटल्या सारख्याच दिसतात, चमचा तोच असतो, आणि माणसं एकीचं प्रमाण दुसरीला लावतात. माशांचं जास्तीचं अन्न, दगडामागे मरून पडलेली गोगलगाय, यांचाही भार याच खात्यावर पडतो. फक्त त्यांना कुणी डोस म्हणत नाही.

कार्बन देऊच नये असं मी म्हणत नाही. मी आजही देतो. दिवा लागल्यावर सकाळी, थोडाथोडा, स्किमर चालू असताना. आणि चुकलेला दिवस चुकलेलाच राहू देतो.

मग ऑक्सिजनच बाटलीतून घालता येणार नाही का, असं बरेचजण विचारतात. हायड्रोजन पेरॉक्साइड त्यासाठी सांगितलं जातं, कारण ते फुटून पाणी आणि ऑक्सिजन होतं. गणित करून पाहा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या तीन टक्क्यांच्या द्रावणाच्या १ मिलिलिटरमधून १४ मिलिग्रॅम ऑक्सिजन सुटतो. २०० लिटरमध्ये तो लिटरला ०.०७ मिलिग्रॅमनं वाढतो. तेवढ्यानं काहीच होत नाही, आणि उपयोग होईल इतकं घालावं तर झिंगे आणि नाजूक प्रवाळ त्यानंच भाजतात. तांब्या बरा.

मस्कतच्या टाकीनं मला याची दुसरी बाजू शिकवली. तिथे लाइट कधी गेली नाही. पण घर वर्षातले आठ-नऊ महिने बंद. एसी चालू, खिडक्यांना पट्ट्या लावलेल्या. टाकीचा पीएच पहाटे ७.८ असायचा, दुपारीही ८ च्या पुढे जायला नाखूश. मी सोडा वाढवत गेलो. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, चढली, पीएच तिथेच. शेवटी एका जुन्या जाणत्यानं मला दोन पेले भरायला सांगितले. दोन्हींत टाकीचंच पाणी, दोन्हींत एकेक एअरस्टोन. एक पेला खोलीत ठेवायचा, दुसरा गच्चीत. तासाभरानं खोलीतल्या पेल्याचा पीएच होता तिथेच, गच्चीतल्याचा ८.२ च्या वर. दोष पाण्यात नव्हता, खोलीत होता. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात ४२० भागांच्या आसपास असतो. माणसांनी भरलेल्या बंद खोलीत तो हजारावर सहज जातो. पाणी जी हवा घेतं तिच्यासारखं होतं. मी स्किमरच्या हवेची नळी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढली आणि सोड्याचा वाढीव डोस बंद केला. आठवडाभरात पीएच जागेवर आला.

हे पेले मला इतके मोलाचे वाटतात की त्यांना एक स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. खोलीतल्या पेल्याचाही पीएच चढला असता तर अर्थ वेगळा झाला असता. म्हणजे खोलीतली हवा बरी आहे, टाकीच तिला पुरेशी भिडत नाही. आणि जिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही तिथून ऑक्सिजनही आत येत नाही. ऑक्सिजन मोजण्याची खरी रीत हंगेरीच्या लायोश विंक्लर यांनी १८८८ साली घालून दिली, आणि तिच्याच धर्तीवरचे किट आजही मिळतात. पण रोज पहाटे उठून कोण टायट्रेशन करणार? दोन पेले आणि पीएचचं पेन कुणाच्याही घरी होतं.

आता डोसांविषयी; इथे मात्र मी सविस्तर बोलणार, कारण चुना हा आपल्या घरातला विषय आहे.

कठीण प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. त्यासाठी तो पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उचलतो, तेही जवळजवळ ठरलेल्या प्रमाणात : अल्कलिनिटी १ डीकेएच (हे तिचं एकक) उतरली की कॅल्शियम लिटरमागे ७ मिलिग्रॅम उतरतं. समुद्रात कॅल्शियम ४१०-४२० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी साडेसहा-सात डीकेएच. म्हणजे कॅल्शियमची तिजोरी भरलेली आणि अल्कलिनिटीचा बटवा लहान. भरल्या टाकीत अल्कलिनिटी दोन दिवसांत कोसळू शकते, आणि तेव्हाही कॅल्शियमचा आकडा पाहून सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून अल्कलिनिटी मोजा, रोज एकाच वेळी.

भरून काढायचे मार्ग बरेच आहेत. १९९० च्या दशकात हान्स-वेर्नर बालिंग या जर्मन गृहस्थांनी सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड वेगवेगळं द्यायची रीत मांडली, तिच्यावर आजचा डोसिंग पंपांचा सारा बाजार उभा आहे. माझ्या २०० लिटरला १ डीकेएच चढवायला ६ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. चहाचा एक शिगोशीग चमचा. जोडीला पाचेक ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही कधीही एका भांड्यात कालवू नयेत, टाकीतही एकाच जागी सोडू नयेत, नाहीतर पाण्यात खडूच तयार होतो.

त्याआधीची, १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी जर्मन वाचकांपुढे ठेवलेली रीत मात्र ऐकून मराठी माणूस हसेल. त्यांनी तिला चुन्याचं पाणी म्हटलं. आपण चुन्याची निवळी म्हणतो. आमच्याकडे काचेच्या बरणीत ती कायम असे. चुना तळाला बसू द्यायचा, वरची साय न हलवता मधलं नितळ पाणी अलगद काढायचं, आणि लहान मुलांना चमचाभर द्यायचं. टाकीसाठीही तस्संच. लिटरभर आरओच्या पाण्यात दीड ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ढवळा, झाका, निवळू द्या. वर साय धरते तीही ओळखीचीच : हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी चुन्याची गाठ पडली की तिथे कॅल्शियम कार्बोनेटचा पापुद्रा बनतो. पानवाल्याकडची डबी मात्र वापरू नका, तिच्यात काय काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं. खाद्य दर्जाची पावडर मिळते.

निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. एकदम ओतली तर टाकी मारेल. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. तेवढीच निवळी मी त्या जागी थेंबथेंब सोडतो, आणि सोडतो ती रात्री. इथे दोन्ही खाती एक होतात. रात्री सगळे श्वास घेत असतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, पीएच उतरतो. निवळी तो कार्बन डायऑक्साइड पिते आणि त्याचंच बायकार्बोनेट करते, तेच बायकार्बोनेट प्रवाळ दिवसा सांगाड्याला लावतो. रात्रीचा उसासा सकाळी बांधकामाला येतो. एक गोष्ट मात्र ती करत नाही : ऑक्सिजन देत नाही. निवळीमुळे पहाटेचा पीएच छान ८.१ दिसत असताना मासे पृष्ठभागावर असू शकतात. आकड्यावर विसंबून राहू नका, माशांकडे बघा.

कोकणात पूर्वी शिंपले भट्टीत भाजून चुना करत. समुद्रातल्या जिवानं जन्मभर जमवलेलं घर जाळून माणसाची घरं उभी राहिली. तोच चुना पाण्यात विरघळवून पुन्हा एखाद्या गोगलगाईच्या शंखात बसताना पाहिला, की मला फार बरं वाटतं.

कोकणाचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत. विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, तिथे तर प्रवाळांचं मोठं पठारच आहे. सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या रांगेत. समुद्रपंखे आणि काळे प्रवाळही तसेच. तिथला खडा आणणं हा गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी आणू दिला नसता. या पुस्तकातलं कठीण प्रवाळांचं प्रकरण मुख्यतः आखातात, अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी आहे, जिथे टाकीतच वाढवलेले तुकडे रीतसर मिळतात. इथल्या वाचकानं मऊ प्रवाळ आणि भारतातच पैदास झालेले क्लाउनफिश घ्यावेत, आणि बिलाशिवाय, कागदाशिवाय काही घेऊ नये. समुद्रालाही श्वास कमी पडतो, हेही लक्षात असू द्या. पनामाच्या बोकास देल तोरो भागातल्या उपसागरात २०१० साली तळाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. हजारो वर्षं टिकलेल्या वस्तीची जर ही गत, तर आपल्या हॉलमधल्या २०० लिटरची काय कथा.

लाइट जाण्यावर शेवटचं प्रकरण आहे. सारांशानं इथेच सांगतो, कारण कुणाची टाकी आज रात्रीच अडचणीत असेल. इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर घ्या, तोंड पृष्ठभागाकडे; तो जेमतेम दहा वॉट खातो. मग रिटर्न पंप. दिवे, हीटर, स्किमर यांना थांबू द्या. बॅटरीचा एअरपंप टाकीला कायमचा जोडून ठेवा, असा की लाइट गेली की तो आपोआप सुरू होईल. खोक्यात ठेवलेला पंप नसल्यातच जमा. लाइट येईपर्यंत मासे उपाशी ठेवा. आणि डोसिंग पंप लाइट आल्यावर मागची थकबाकी एकदम ओतणाऱ्या बनावटीचा नाही ना, हे आजच तपासा.

माझ्या टाकीच्या आता अकरा वह्या झाल्या आहेत. त्यांतली पानं जशीच्या तशी पुस्तकात जागोजागी दिली आहेत, चुकांसकट, त्या मे महिन्यातल्या पानासकट. त्या पानावर सकाळच्या रकान्यात आकडा नाही, नुसती वेळ आहे : ६.३०.

आई आता पंच्याहत्तरीत आहे. तिला पीएच कळत नाही आणि तिनं तो कधी विचारलेलाही नाही. पण रोज पहाटे स्वयंपाकघरात जाण्याआधी ती टाकीपाशी वाकते, पदरानं काच पुसते आणि पाण्याची वरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेखालून घालते. मी जागा असलो तर मला ऐकू येईल असं म्हणते, ‘खाली आहेत सगळे.’ मग ती गॅस पेटवते.